हा आवाज कोणाचा?

यमुताई गजभिये यांचा आवाज अर्ध्या विदर्भाने ऐकलेला आहे आणि त्यांचं नाव नंदनवनच्या चार गल्ल्यांपलीकडे कोणाला ठाऊक नाही. यात कोणी त्यांना फसवलं असं समजू नका. फसवलं असेल तर त्यांचं त्यांनीच, आणि तेही हात जोडून, अगदी मनापासून.

नव्वदच्या दशकात नागपुरात गोपाळराव रंगारी यांची गायन पार्टी होती. भीमजयंतीचा महिना आला की पारशिवनीपासून उमरेडपर्यंत त्यांच्या तारखा लागलेल्या असायच्या. पुढे गोपाळराव पेटी घेऊन बसत, बाजूला ढोलक आणि बँजो, आणि मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन कोरसला यमुना. गोपाळरावांचा गळा भारदस्त होता, पण वर जायचा नाही. वरची पट्टी आली की ते मान न वळवता म्हणत, "यमुने, घे." आणि यमुना घ्यायची. ती घ्यायला लागली की मंडपाच्या टोकाला उभे असलेले पानठेलेवाले चुना लावायचे थांबत, असं सांगणारे लोक अजून जिवंत आहेत.

बायकांच्या गाण्यांच्या दोन कॅसेट निघाल्या, तेव्हा तर सोळाच्या सोळा गाणी यमुनानेच म्हटली. चाली गुरुजींच्या, पेटी गुरुजींची, गळा हिचा. त्यातली पाच गाणी तिने स्वतः लिहिली होती. आता या मंडळींची एक रीत होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो, पण गुरू हयात असेपर्यंत शिष्याने तिथं स्वतःचं नाव घालायचं नाही. गुरूचं घालायचं. तशी कोणी सक्ती करत नव्हतं, पण कोणी मोडतही नव्हतं. यमुनाने पाचही गाण्यांत "गोपाळ सांगे, ऐका गं बायांनो" असं लिहिलं आणि पदर सावरून तसंच गायलं.

महाल भागातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग संपलं तेव्हा गोपाळरावांनी विचारलं होतं, "यमुने, कव्हरवर तुह्यं नाव टाकू का वं?"

तिने जीभ चावली, दोन्ही कानांना हात लावले. "गुरुजी, काहून पाप लावता? तुमचं नाव आहे ना, त्यात माह्यं आलंच."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित ती हो म्हणाली असती. पण मोठी माणसं अशा गोष्टी एकदाच विचारतात आणि आपण एकदा विचारलं होतं हे मात्र जन्मभर लक्षात ठेवतात. कॅसेटवर गोपाळरावांचा पेटीसकट फोटो आला आणि खाली लाल अक्षरांत, गोपाळराव रंगारी आणि पार्टी.

अकरा वर्षांपूर्वी गुरुजी गेले. रीत सुटली. वर्षभराने यमुताईंनी पहिल्यांदा आपल्या नावाचं गाणं लिहिलं. गाणं त्यांच्या आईवर होतं. आई बिड्या वळायची, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि हात चालू असताना तोंडाने गाणं. यमुताई जे काही शिकल्या ते त्या सुपाशेजारी बसून. "सुपात तेंदूचं पान गं माई, तुझ्या बोटाला उसंत नाही," असं गाणं सुरू होत होतं, आणि संपत होतं ते असं:

यमुना म्हणे, मी लेक तुझी,
तुझ्या गळ्यातली ओळ माझी.

या शेवटच्या दोन ओळी जुळवायला त्यांना आठ महिने लागले. स्वतःचं नाव लिहिताना हात अडखळायचा. कोणी बघत नाही ना, म्हणून त्या वहीवर पदर धरून लिहीत. गाणं तयार झालं, चाल पेटीवर बसली, आणि त्याच उन्हाळ्यात गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ मोठी आहे, आवाजाची नस तिला चिकटली आहे, जीव वाचेल पण आवाजाचं सांगता येत नाही. जीव वाचला. आवाजाच्या जागी उरली ती कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची नुसती वाफ. नवरा वसंत तोवर वारलेला. घरात लेक मेघा आणि त्या. वही गादीखाली गेली.

मेघा सक्करदऱ्याला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. बत्तीस वर्षांची, तोंडाने फटकळ. दवाखान्यात पेशंट नसला की ती मोबाईलमध्ये डोकं घालून असते, आणि त्यातूनच तिला समजलं की जुन्या रेकॉर्डिंगवरून माणसाचा आवाज एआयने पुन्हा उभा करता येतो. तिने दोन्ही कॅसेट शोधल्या, एकाकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. मग दर रविवारी मायलेकी बसू लागल्या. यमुताई पेटीवर चाल वाजवायच्या, मेघा आपल्या बेसूर गळ्याने ओळ म्हणायची, यमुताई मांडीवर ताल देत तिला दहादा दुरुस्त करायच्या, आणि मशीन मेघाचा गळा काढून त्या जागी आईचा घालायचं.

पहिल्यांदा पूर्ण गाणं वाजलं तेव्हा यमुताई भिंतीला टेकून बसल्या. पस्तीस वर्षांची यमुना खोलीत गात होती. मेघाला वाटलं आई रडेल. आई रडली नाही. हात वर करून तिने गाणं थांबवलं आणि त्या वाफेच्या आवाजात म्हणाली, "तिसऱ्या कडव्यात श्वास चुकला. मी तिथं श्वास नव्हती घेत. पुन्हा म्हण."

रडली ती नंतर, भांडी घासताना, आणि चांगलीच रडली.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बुद्धपौर्णिमेला हे गाणं विहारात लागावं, आणि लावणाऱ्याने आधी सांगावं, गायिका यमुना गजभिये. बस. पुरस्कार नको, शाल नको. आपला आवाज आणि आपलं नाव एका दमात लोकांच्या कानावर पडावं एवढंच. साठी उलटलेल्या बाईने एवढं मागणं काही फार नव्हे.

गाणी जगभरच्या ॲपवर चढवणारी एक कंपनी असते, तिचा फॉर्म मेघाने उघडला. पहिलाच प्रश्न होता, गाण्यात एआय वापरलं आहे का?

"नाही लिहितो," मेघा म्हणाली. "कोणाले समजते?"

"खरं लिही."

"आई, खरं लिहिलं तर झंझट होईन."

"अवं, आजवर माह्या नावाचा एक कागद नाही. पहिलाच कागद, त्यावर खोटं लिहू का?"

मेघाने हो लिहिलं. पुढचा प्रश्न, हा आवाज कोणाचा? खाली दोन पर्याय. माझा. किंवा, दुसऱ्याचा, परवानगीने. यमुताईंनी स्वतः बोट टेकवून 'माझा' दाबलं. ते बोट त्यांनी नंतर थोडा वेळ तसंच धरून ठेवलं होतं, हे मेघाने पाहिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. मेघाने ते दोनदा मनात वाचलं आणि मग आईला सोप्या भाषेत सांगितलं. या गाण्यातला आवाज आमच्याकडे आधीच नोंद असलेल्या एका कलाकाराशी जुळतो. कलाकाराचं नाव, गोपाळराव रंगारी आणि पार्टी. एआयने दुसऱ्या कलाकाराच्या आवाजाची नक्कल करायला बंदी आहे. आवाज तुमचाच असेल तर स्क्रीनवर येणारं वाक्य माईकमध्ये वाचून दाखवा, आम्ही जुळवून पाहू. नाहीतर त्या कलाकाराची परवानगी जोडा. माहिती खोटी निघाली, तर खातं बंद आणि हे गाणं कायमचं बाद.

"म्हणजे मी माह्यीच नक्कल केली म्हणते?" यमुताईंनी विचारलं.

"हाव."

यमुताई हसल्या. त्या दिवशी हसू आलं होतं.

पडताळणीच्या तीन संधी होत्या. मे महिना, नागपूर. कूलर चालू ठेवून पहिल्यांदा केलं, तर मशीनला कूलरची खडखडच जास्त ऐकू आली. दुसऱ्या वेळी मेघाने कूलर बंद केला, खिडकी लावली, दाराला चादर टांगली. दोन मिनिटांत खोलीची भट्टी झाली. स्क्रीनवर वाक्य आलं, 'निळ्या पिशवीत सात लिंबं आहेत.' यमुताईंनी घाम पुसला, छातीत हवा भरली, आणि आयुष्यात कधी कुठल्या मंडपात लावला नसेल एवढा जोर लावून त्या म्हणाल्या, निळ्या पिशवीत सात लिंबं आहेत. मानेची शीर तट्ट फुगली. माईकपर्यंत पोचली ती वाफ.

आवाज जुळत नाही, असं लाल अक्षरांत आलं. एक संधी बाकी.

"ते दवाखान्याचे कागद लाव ना," यमुताई म्हणाल्या. "ऑपरेशनचे."

मेघाने लावले. उत्तर आलं की कागदांवरून आवाज गेला हे समजतं, पण कॅसेटमधला आवाज तुमचा होता हे सिद्ध होत नाही. रागवायची सोय नव्हती. गोष्ट बरोबर होती. त्या कॅसेटवर, कार्यक्रमाच्या कुठल्याच पत्रिकेवर यमुनाचं नाव नव्हतं. पत्रिका छापायला दिली तेव्हाही तिनेच म्हटलं असेल, माह्यं कशाला.

मग दोघी पंकजकडे गेल्या. पंकज म्हणजे गोपाळरावांचा मुलगा. सक्करदऱ्याला त्याचं बिछायत केंद्र आहे, मंडप, गाद्या, लाऊडस्पीकर भाड्याने देतो. वडिलांच्या सगळ्या कॅसेट त्यानेच हौसेने ॲपवर चढवल्या होत्या. वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी झाली असती. भांडता आलं असतं. पण त्याने दुकानातून उठून यमुताईंच्या पायाला हात लावला, गाद्यांच्या ढिगावर बसवलं आणि चहा सांगितला.

"ताई, मी तर स्टुडिओत होतो ना तवा. गोट्या खेळत होतो बाहेर. तुमचाच आवाज आहे, हे काय मले सांगा लागते?"

"मंग तेवढं लिहून दे गा," यमुताई म्हणाल्या. त्यांचं बोलणं दुकानाच्या वर्दळीत ऐकू जाईना, म्हणून मेघाने ते पुन्हा मोठ्याने सांगितलं.

पंकजने लगेच फोन काढला आणि गाणी चढवणाऱ्या कंपनीला विचारलं. त्यांच्या समोरच विचारलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते घेऊन तो स्वतः नंदनवनला आला. नोंदलेल्या कलाकाराखेरीज दुसऱ्याच कोणाचा आवाज आहे असं खातेदार स्वतः लिहून देत असेल, तर ती चुकीची माहिती ठरते. खात्यातली सगळी गाणी खाली उतरतील. पुन्हा चढवायची तर कॅसेट काढणाऱ्या कंपनीचे मूळ कागद लागतील. कॅसेट काढणारी कंपनी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात.

"बाबाचं सगळंच जाईन, ताई," पंकज खाली बघत म्हणाला. "तुमचं नाव लावाले गेलो तर त्याचं नाव पुसून राहिलो मी."

यमुताईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"आणि एक सांगू? राग नका मानू. मी तुमच्या बाजूनंच पाहून राहिलो होतो, काही पुरावा सापडते का. पुन्हा सगळी गाणी ऐकली." त्याने फोनवर गाणं लावलं. शेवटचं कडवं. पस्तीस वर्षांची यमुना खड्या सुरात म्हणाली, गोपाळ सांगे, ऐका गं बायांनो.

"पाचही गाण्यांत बाबाचंच नाव आहे, ताई. तुमच्याच तोंडून."

यमुताईंनी ते ऐकलं. किती प्रेमाने लिहिलं होतं ते! प्रत्येक वेळी 'गोपाळ' शब्दावर गळ्याची एक जास्तीची जागा, म्हणजे हरकत, घेतली होती, गुरुजींना बरं वाटावं म्हणून. आता त्या जागा नको तेवढ्या स्पष्ट ऐकू येत होत्या. कोर्टात उभं राहून स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी, आणि तीही तालासुरात, तसं ते झालं होतं.

पंकज परवानगीचं पत्र लिहूनच आला होता. नीट टाइप केलेलं, सही-शिक्क्यासह. 'आमच्या पार्टीचा आवाज वापरण्यास श्रीमती यमुना गजभिये यांना आमची कोणतीही हरकत नाही.' ते त्याने दोन्ही हातांनी दिलं आणि यमुताईंनी दोन्ही हातांनी घेतलं. स्वतःचा आवाज वापरायची परवानगी घेताना आणखी काय करतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

तो गेल्यावर मेघा भडकली. पंकजवर, कंपनीवर, मेलेल्या गुरुजींवर आणि सगळ्यात जास्त आईवर. "एकदा तरी हाव म्हणाली असती! एकदा! कव्हरच्या कोपऱ्यात टाकलं असतं नाव तर काय बिघडलं असतं?" मग ती लॅपटॉप घेऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, ऐक."

लॅपटॉपमधून यमुना म्हणाली, निळ्या पिशवीत सात लिंबं आहेत.

खणखणीत, स्वच्छ, हसऱ्या गळ्यात.

"तिसऱ्या खेपेले हे वाजवतो माईकपुढं," मेघा म्हणाली. "शंभर टक्के जुळते. जुळनच."

"मशीनचा आवाज पडताळणीले चालत नाही, असं तूच वाचलं ना?"

"नाही चालत. पण आवाज तर तुहाच आहे ना? खोटं काय त्यात?"

यमुताईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, "ह्याले काही बी बोलाले लावता येते?"

"हाव. काय लिहू?"

यमुताईंनी सांगितलं. मेघाने लिहिलं. यमुना म्हणाली, "मी यमुना गजभिये. हा आवाज माझा आहे."

"पुन्हा लाव."

मेघाने पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. गळा होता तेव्हा तीस वर्षांत हे वाक्य त्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. आता निघत होतं तर ते म्हणायला त्या लागतच नव्हत्या.

"बंद कर," त्या शेवटी म्हणाल्या. "खरं सांगाले खोटा गळा लावू का वं? आणि सापडलं म्हणजे गाणंच बाद. माही माय बाद."

मेघाच्या डोळ्यात पाणी आलं. "मंग काय करतं? राहू दे ना गाणं. आपल्या दोघींपुरतं राहू दे."

इथं यमुताईंनी खरोखर विचार केला. वही दहा वर्षं गादीखाली होतीच, आणखी राहिली असती. पण आईचं सूप, आईची बोटं, त्या गाण्याखेरीज कुठंच नव्हती. आईचा तर फोटोसुद्धा नव्हता. आपलं नाव वाचवायचं तर आईला पुन्हा गादीखाली ढकलायचं, आणि आईला बाहेर काढायचं तर स्वतःच्या आवाजावर पाणी सोडायचं. तिसरं दार त्यांनी शोधून पाहिलं. नव्हतं.

मेघाने फॉर्म उघडला. हा आवाज कोणाचा? यमुताईंनी बोट पुढे केलं आणि या वेळी खालच्या ओळीवर ठेवलं. दुसऱ्याचा, परवानगीने. पंकजचं पत्र जोडलं. दोन दिवसांत गाणं मंजूर झालं. एवढ्या लवकर झालं की मेघाने कंपनीला एक शिवी हासडली. गायनाच्या जागी मोठ्या अक्षरात गोपाळराव रंगारी आणि पार्टी, त्याखाली एआय आवाज, परवानगीने. गीतकार म्हणून यमुताईंचं नाव होतं, पण ते दिसायला आधी तीन टिंबं दाबावी लागत.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहार भरलं होतं. पांढरी लुगडी, अगरबत्त्या, दाराशी खिरीचं पातेलं. लाऊडस्पीकर पंकजने फुकट लावून दिला होता. त्रिशरण झालं, वंदना झाली. मग विहाराचे सेक्रेटरी धम्मदीप माईकवर आले आणि मोबाईलमध्ये बघून म्हणाले, "आता ऐकू या एक गीत. गायक, गोपाळराव रंगारी आणि पार्टी."

तीन टिंबं कोण दाबतो.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला खीर वाढणाऱ्या बायांचे हात थांबले. दुसऱ्या कडव्याला मागच्या भिंतीशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी, ज्या कधीकाळी बिड्या वळायच्या, एकमेकींच्या बोटांकडे पाहिलं. यमुताई खांबाशी बसून होत्या, मेघाने त्यांचा हात घट्ट धरला होता. तिसऱ्या कडव्यात श्वास बरोबर जागी आला. मग शेवटचं कडवं.

यमुना म्हणे, मी लेक तुझी,
तुझ्या गळ्यातली ओळ माझी.

शेजारी बायजाबाई बसल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी पारशिवनीहून लेकाकडे राहायला आलेल्या, भोळ्या आणि मायाळू. नंदनवनात आल्यापासून त्यांनी यमुताईंची वाफच ऐकलेली. त्यांनी डोळे मोठे केले आणि आनंदाने यमुताईंच्या मांडीवर थाप मारली.

"अवं यमुताई, तुह्यं नाव आलं वं गाण्यात! तू मागं कोरसले बसत होती ना त्याईच्या? पाह्य, गुरुजी तुले विसरले नाहीत. किती मोठ्या मनाचा माणूस असन! कोरसवालीचं नाव कोण घेते गाण्यात?"

मेघा उसळून काही बोलणार होती. यमुताईंनी तिचा हात दाबला. त्यांनी स्वतः बोलायला तोंड उघडलं, छातीत हवा भरली. लाऊडस्पीकरवर त्यांचाच आवाज अजून शेवटची ओळ घोळवत होता, त्याच्यापुढे त्यांची वाफ बायजाबाईंच्या कानापर्यंत जाणं शक्यच नव्हतं.

"काय म्हणली वं?" बायजाबाईंनी कान जवळ आणला.

यमुताईंनी मान हलवली, हाव म्हणून. मग दोन्ही हात जोडले आणि समोर आलेली खिरीची वाटी घेतली.